आधी पुस्तक उघडा, मग यादी फिरवा

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील शाळांचे मुख्याध्यापक, पालक-शिक्षक संघांचे पदाधिकारी, सार्वजनिक ग्रंथालयांची कार्यकारी मंडळं आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांचे ॲडमिन यांस,

स.न.वि.वि.

‘आपल्या मुलांना यापासून वाचवा’ अशा मथळ्याची एक यादी सध्या जुळे सोलापूरपासून अक्कलकोट रोडपर्यंत पालकांच्या फोनवर फिरते आहे. तिच्यात जपानी ॲनिमे (कार्टून) मालिकांची आणि मांगा (चित्रकथा) पुस्तकांची नावं आहेत, आणि नावांपलीकडे कुठेकुठे एखाद्या शब्दाचा शेरा, बाकी काही नाही. कोणत्या पानावर काय आहे, कोणत्या भागात काय दाखवलंय, कितवीच्या मुलाला ते जड जाईल, याबद्दल एक ओळ नाही. या यादीवरून ग्रंथालयातली पुस्तकं काढायची, दप्तरं तपासायची अशी बोलणी सुरू झाल्यामुळे हे पत्र.

आम्ही मांगा वाचणारे आणि ॲनिमे बघणारे सोलापूरकर आहोत. मुलं काय वाचतात, काय बघतात यावर घरच्यांचं आणि शिक्षकांचं लक्ष हवं, याबद्दल आमचं दुमत नाही. आमची हरकत अशी, की ही यादी स्वतःचं कामही धड करत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला सहज देता येतील अशी पुस्तकं तिने अडवली आहेत, आणि अठराच्या आत हातात पडू नयेत अशांना दार सताड उघडं ठेवलं आहे.

यादीत सगळ्यात वर ‘असॅसिनेशन क्लासरूम’ आहे. नावात खून आणि वर्ग एकत्र आल्यावर पालकांचा जीव धसकणारच. युसेई मात्सुई यांची ही मालिका २०१२ ते २०१६ मध्ये जपानच्या ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात आली आणि २१ खंडांत संपली. एका नामांकित शाळेत मार्क घसरलेल्या मुलांना ‘ई’ तुकडीत टाकतात. ती तुकडी मुख्य इमारतीत बसत नाही. डोंगरावरच्या जुन्या लाकडी शाळेत बसते. मूठभर मुलांना तळाशी अपमानित ठेवलं की बाकीची भीतीने अभ्यास करतात, असं तिथल्या शाळाप्रमुखाचं गणित आहे. या तुकडीवर एक विचित्र शिक्षक येतो: पिवळा, ऑक्टोपससारख्या सोंडांचा, आवाजाच्या वीसपट वेगाने पळणारा. चंद्राचा बराचसा भाग आपणच उडवला आणि येत्या मार्चमध्ये पृथ्वीही उडवणार, असं तो जाहीर करतो. सरकार मुलांना सांगतं, त्याआधी याला मारा, १० अब्ज येन बक्षीस. मुलांना दिलेल्या सुऱ्या रबरी असतात आणि गोळ्या छऱ्र्यांच्या. माणसाला त्यांनी इजा होत नाही, फक्त त्या प्राण्याला होते. मग वर्षभर तो प्राणी काय करतो? प्रत्येक मुलाचा कच्चा विषय हुडकतो, प्रत्येकासाठी वेगळी प्रश्नपत्रिका काढतो, आणि ‘ढ तुकडी’ म्हणून हिणवलेली पोरं ताठ मानेने उभी करतो. अ तुकडी आणि ई तुकडी यांतलं अंतर सोलापुरातल्या शिक्षकांना आम्ही समजावण्याची गरज नाही.

यात आक्षेपार्ह काहीच नाही, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. वर्गात शिक्षकावर बंदुका रोखलेल्या मुलांचं चित्र अमेरिकेत फार वेगळ्या जागी लागतं. तिथे शाळांमध्ये खरे गोळीबार झालेत, आणि २०२३ मध्ये काही शाळांच्या ग्रंथालयांतून ही मालिका हटवली गेली. आमच्या मते आपल्याकडे त्याहून विचार करण्याजोग्या गोष्टी दोन. इरिना नावाची एक शिक्षिका विद्यार्थ्यांची जबरदस्तीने चुंबनं घेते, आणि लेखकाने ते विनोद म्हणून खपवलंय. ते आम्हालाही खटकतं. दुसरी, नागिसा या मुलाच्या आईचा घरातला जाच. तो प्रसंग चांगला लिहिलाय, पण घरी तसंच सोसणाऱ्या मुलाला तो लागेल. इंग्रजी आवृत्तीवर प्रकाशकाने १६ वर्षांपुढील अशी खूण छापली आहे आणि ती योग्य आहे. नववी-दहावीच्या मुलाने वाचावी, त्याआधी नको. यादी करणाऱ्यांना खुनाचं नाव दिसलं. इरिना दिसली नाही, कारण ती नावात नाही.

‘आय वॉन्ट टू ईट युअर पॅन्क्रियाज’ यापुढे कुणीतरी ‘नरभक्षक’ असं लिहून ठेवलं आहे. योरू सुमिनो यांची ही कादंबरी २०१५ची, ॲनिमे चित्रपट २०१८चा. स्वादुपिंडाच्या असाध्य आजारामुळे थोडेच दिवस उरलेली एक हसरी शाळकरी मुलगी, आणि तिची वही चुकून हाती लागलेला एक अबोल मुलगा. आपला जो अवयव आजारी आहे तोच प्राण्याचा अवयव खाल्ला की आपण बरे होतो, अशी एक जुनी समजूत ती त्याला सांगते. नाव तिथून आलं. मांस, रक्त, भूतखेत काही नाही. जपायचं तर वेगळ्या कारणाने: शेवटाकडे मृत्यू अशा वाटेने येतो की घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर मुलाने हा चित्रपट एकट्याने पाहू नये.

‘डेमन स्लेयर’मध्ये रक्तपात भरपूर आहे, मुंडकी उडतात, त्यामुळे लहान मुलांना नकोच. पण ‘राक्षसपूजा’ हा शेरा अजब आहे. तंजिरोची धाकटी बहीणच राक्षस होते, तो तिला माणसात परत आणायला निघतो, आणि ज्यांना मारतो त्यांच्यासाठी हात जोडून थांबतो. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, याच मालिकेचा चित्रपट आपल्याकडे हिंदी आणि तेलुगूतही लागला होता. यादी पुढे ढकलणाऱ्यांपैकी काहींनी पोरांना तिकिटं काढून दिली असतील, अशी आम्हाला दाट शंका आहे.

‘डेथ नोट’बद्दल थोडं सविस्तर, कारण इथे काळजीला खरा आधार आहे. त्सुगुमी ओबा आणि ताकेशी ओबाता यांची ही मालिका २००३ ते २००६ मधली, १२ खंडांची. ॲनिमेचे ३७ भाग. वहीत ज्याचं नाव लिहावं तो मरतो, आणि ती वही शाळेत पहिल्या येणाऱ्या, निकालाच्या कौतुकाने फुगलेल्या मुलाच्या हाती पडते. गुन्हेगारांना मारता मारता तो स्वतः काय होतो, ही कथा. तिच्यात त्याचं कौतुक नाही, घसरण आहे. तरी तशा काळ्या वह्या बाजारात मिळतात आणि मुलं त्यांत वर्गमित्रांची नावं लिहितात. चीनमधल्या शेनयांग शहरात २००५ मध्ये याच कारणाने शाळांनी ही पुस्तकं बंद केली, अमेरिकेत मुलांना निलंबित केलं गेलं. चीनच्या सांस्कृतिक मंत्रालयाने २०१५ मध्ये ३८ मालिकांची काळी यादी काढली, तिच्यातही हे नाव होतं. २०२१ मध्ये रशियातल्या एका न्यायालयाने ती दाखवणाऱ्या काही संकेतस्थळांवर बंदी घातली. मुलं ती बघायची थांबली नाहीत.

अशी वही दप्तरात सापडली तर शिक्षकांनी पहिल्या दिवशी पाहण्याच्या गोष्टी अशा. नावं कोणाची आहेत: नटांची आणि क्रिकेटपटूंची, की वर्गातल्यांची? वर्गातल्यांची असतील तर एकाच मुलाचं किंवा एकाच टोळक्याचं नाव पुन्हा पुन्हा येतंय का? नावापुढे तारीख, वेळ, पद्धत लिहिली आहे का? कथेतल्या नियमांप्रमाणे मुलं तेही लिहितात, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नका. पण ज्याचं नाव सारखं येतंय तो लिहिणाऱ्याला छळतोय का, हे त्याच आठवड्यात शोधा. वही वर्गासमोर फाडली की ज्याचं नाव होतं त्यालाही कळतं, लिहिणाऱ्याची टिंगल दुप्पट होते, आणि छळाचा माग तिथेच संपतो. वही जपून ठेवा, दोघांच्या पालकांना वेगवेगळं बोलवा, शाळेत समुपदेशक असेल तर त्यांना आधी दाखवा.

आता यादीत नसलेल्यांकडे वळू. नावं गोड, म्हणून यातलं एकही तिच्यात नाही.

‘गुडनाइट पुनपुन’. इनिओ असानो, २००७ ते २०१३. मुखपृष्ठावर लहान मुलाने काढावा तसा चिमणा पक्षी. आत घरातली मारहाण, लैंगिक हिंसा, आत्महत्येचे विचार, आणि हे सगळं एका मुलाच्या वाढत्या वयाबरोबर इतकं हळूहळू चढत जातं की मोठ्यांनाही मध्ये पुस्तक मिटावं लागतं. मांगातल्या उत्तम कृतींपैकी एक, आणि शाळेच्या कपाटात अजिबात नको. इंग्रजी आवृत्तीवर प्रौढांसाठीची खूण आहे. ‘हॅपी शुगर लाइफ’, सगळं गुलाबी, आणि कथा एका लहान मुलीला पळवून घरात ठेवणाऱ्या तरुणीची. ‘बनी ड्रॉप’चे २०११चे ॲनिमेचे ११ भाग कोणालाही दाखवा, एका अविवाहित माणसाने नात्यातली निराधार चिमुरडी वाढवण्याची फार हळवी गोष्ट आहे, मूळ मांगा मात्र पुढच्या अर्ध्यात दहा वर्षांची उडी मारतो आणि पालक-मुलीचं नातं अशा ठिकाणी नेतो की अनेक चाहते आजही रागात आहेत. ‘माडोका मॅजिका’ २०११ची, १२ भागांची. झालरींचे फ्रॉक, जादूच्या कांड्या, आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी जे होतं त्यानंतर ती लहान मुलांची राहत नाही. मांगाचे पितामह मानले जाणारे ओसामु तेझुका यांचा ‘बुद्ध’ तर नाव बघूनच कोणतीही समिती डोळे झाकून मंजूर करेल. थोर काम आहे, जरूर घ्या. पण त्यात उघडी शरीरं आणि हिंसा आहे हे माहीत असू द्या आणि बालविभागात लावू नका.

आणि शिन-चान. मूळ नाव ‘क्रेयॉन शिन-चान’, म्हणजे नावात रंगीत खडू. योशितो उसुई यांनी १९९० मध्ये ते मोठ्यांच्या ‘मांगा ॲक्शन’ साप्ताहिकात सुरू केलं होतं. पाच वर्षांच्या पोराच्या तोंडून मोठ्यांना हसवणं हा त्यातला डाव. आपल्याकडे ते लहानांच्या वाहिनीवर आलं, पालक भडकले, २००८ मध्ये सरकारने प्रसारण थांबवलं, पुढच्या वर्षी काटछाट होऊन परत आलं. त्या पालकांचा राग रास्त होता. त्यांनी भाग पाहिले होते, पोराची भाषा ऐकली होती.

नावं अशी भडक का असतात, याचं उत्तर धंद्यात आहे. ‘शोनेन जंप’सारख्या साप्ताहिकात एका अंकात विसेक मालिका शेजारी शेजारी छापतात. वाचक कार्डावर आवडत्या मालिका कळवतात आणि तळाशी राहिलेली मालिका काही महिन्यांत गुंडाळली जाते. नवख्या लेखकाला पहिल्याच आठवड्यात थांबवून धरणारं नाव लागतं. कादंबऱ्यांचं याहून टोकाचं. जपानमध्ये २००४ पासून एक संकेतस्थळ आहे, तिथे कोणीही कथा टाकतो. वाचकापुढे मुखपृष्ठ नसतं, नावांच्या रांगा असतात. त्यामुळे नावालाच जाहिरातीचं काम करावं लागलं आणि नावं वाक्याएवढी लांब झाली. ‘इज इट राँग टू ट्राय टू पिक अप गर्ल्स इन अ डंजन?’ हे अशा लांब नावांचं बदनाम उदाहरण. आत तोकडे कपडे आणि वाह्यात विनोद आहेत, नाकारत नाही. पण मुख्य गोष्ट तळघरातल्या राक्षसांशी लढत मोठा होणाऱ्या एका भित्र्या मुलाची आहे. ‘बनी गर्ल सेनपाई’ नावाची मालिका घ्या. एक मुलगी सशाचे कान लावून, तंग पोशाखात ग्रंथालयात फिरते. का, तर लोकांना ती दिसेनाशी होत चालली आहे आणि कुणाची तरी नजर वळते का हे तिला तपासायचंय. एका मुलाखेरीज कुणीही बघत नाही. वर्गाने एखाद्याला वाळीत टाकणं म्हणजे काय, हे त्या मालिकेइतकं नेमकं फार थोड्यांनी दाखवलंय.

न पाहता संतापण्याचा आपला जुना नमुना रामायणाचा आहे. युगो साको हे जपानी दिग्दर्शक १९८३ मध्ये उत्खननावरचा माहितीपट करायला भारतात आले होते. ते नवं रामायण काढतायत असा गैरसमज करून देणारी बातमी छापून आली आणि दिल्लीतल्या जपानी दूतावासाला निषेधाचं पत्र गेलं. परदेशी माणसाने रामायणाला हात लावू नये असा सूर. चित्रपट त्यांनी नंतर खरंच केला, भारतीय ॲनिमेटर राम मोहन यांना बरोबर घेऊन, सुमारे ४५० कलाकारांच्या हातून. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला तेव्हा लोक नातवंडांना घेऊन गेले.

जपानही या बाबतीत शहाणा नव्हता. १९५५च्या सुमारास तिथे ‘वाईट पुस्तकं’ हटवण्याची मोहीम निघाली आणि तिच्या तडाख्यात खुद्द तेझुका आले. पण तुम्हाला उपयोगी पडेल असं प्रकरण अलीकडचं आहे. केजी नाकाझावा हे हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेले. तो पडला तेव्हा ते सहा वर्षांचे होते. ‘बेअरफूट जेन’ या त्यांच्या दहा खंडांत जळालेली, कातडी लोंबणारी माणसं आहेत. मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाच्या कार्यालयाने डिसेंबर २०१२ मध्ये शाळांना सांगितलं, हे खंड खुल्या कपाटातून काढा, मुलांनी मागितलं तरी सहजी देऊ नका. पुढच्या ऑगस्टमध्ये ते बाहेर आलं, देशभर गदारोळ झाला आणि सूचना मागे घेतली गेली. मागे घेताना कारण दिलं ते पद्धतीतल्या त्रुटीचं: मंडळाच्या सदस्यांना न विचारताच कार्यालयाने हे परस्पर केलं होतं. चित्रं लहान मुलांना झेपतात का, हा प्रश्न तसाच राहिला. आपल्याकडे सचिवांनी किंवा एखाद्या वजनदार पालकाने फोन करून पुस्तकं काढायला लावली तर नेमकं हेच होईल.

तर मग तपासायचं कसं? एका मालिकेला तास-दीड तास लागतो.

पुस्तक हातात असेल तर आधी ते मागच्या बाजूने उघडा. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. बहुतेक इंग्रजी आवृत्त्यांतही तोच क्रम ठेवतात. आपण सवयीने डावं पान उघडलं की खंडाचा शेवट समोर येतो, म्हणजे बहुधा लढाई, रक्त, रडारड. समितीच्या बैठकीत पुस्तक चाळून ‘पहिल्याच पानावर हे!’ असा उद्गार निघतो तो यामुळे. मग मागच्या बाजूला किंवा प्रकाशनाच्या तपशिलाच्या पानावर वयाची खूण शोधा. विझ या प्रकाशनाच्या खुणा चार: ‘ए’, ‘टी’, ‘टी प्लस’, ‘एम’. इथे एक सापळा आहे. आपल्या सिनेमात ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी. विझच्या पुस्तकावर ‘ए’ म्हणजे सर्व वयांसाठी. ‘टी’ तेरापुढे, ‘टी प्लस’ सोळापुढे, ‘एम’ अठरापुढे. येन प्रेस सोळापुढच्यांना ‘ओटी’ लिहितं आणि बरेचदा भाषा, हिंसा, नग्नता यांपैकी काय आहे तेही शेजारी देतं. या खुणा प्रकाशकांनीच, अमेरिकी वाचक समोर ठेवून लावलेल्या असतात. दारू-सिगारेटपेक्षा चुंबनाला जास्त बिचकणारं घर असेल तर एक पायरी वर धरा.

मग मूळ मालिका कोणत्या मासिकात आली ते पाहा. शोनेन, शोजो, सेनेन, जोसेई ही वाचकवर्गाची नावं: मुलगे, मुली, पुरुष, स्त्रिया. ती वयाची प्रमाणपत्रं नव्हेत, पण दिशा कळते. ‘यंग जंप’, ‘यंग मॅगझिन’ अशी नावं दिसली की फसू नका. तिथे ‘यंग’ म्हणजे कॉलेजच्या वयाचे आणि त्यापुढचे पुरुष.

पहिला खंड पाहून निकाल देऊ नका. पहिला, मधला कुठला तरी आणि शेवटून दुसरा, असे तीन चाळा. मालिका बहुधा पुढे जड होतात, क्वचित उलटंही असतं. ‘ड्रॅगन बॉल’ घ्या. लढाईचे खंड निरुपद्रवी, आणि १९८४ मधल्या सुरुवातीच्या प्रकरणांत मात्र म्हाताऱ्या कासवगुरूचे चावट चाळे. अमेरिकेत मेरीलँडमधल्या एका जिल्ह्याने २००९ मध्ये शाळांतून ते खंड काढले, कारण एका आईने मुलाच्या हातातलं पुस्तक उघडून पानं दाखवली. नावावर बोट ठेवायला त्यात काहीच नव्हतं.

ॲनिमेचा एक भाग साधारण २४ मिनिटांचा. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं वगळलं की विसेक मिनिटं उरतात. पहिला, तिसरा आणि मधला असे तीन भाग पाहा. ‘मायॲनिमेलिस्ट’ या संकेतस्थळावर मालिकेचं नाव टाकलं की वयाची खूण आणि प्रकार दिसतो. प्रकारात ‘एची’ लिहिलं असेल तर अंगप्रदर्शनाचा विनोद ठरलेला आहे असं समजा. जपानी कळत नाही ही सबब सोलापुरात चालायची नाही. गाजलेल्या बऱ्याच मालिका हिंदीत आणि काही तेलुगूतही डब झाल्या आहेत; पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आजीला सोबत बसवता येईल.

ओटीटीवर २०२१च्या नियमांनुसार प्रत्येक मालिकेला यू, यू/ए ७+, १३+, १६+ किंवा ए अशी खूण आणि हिंसा, भाषा वगैरे सूचना द्यावी लागते. १३+ पासून पुढे पालकांना कुलूप लावायची सोय बंधनकारक आहे. हे कुलूप फसतं ते एकाच ठिकाणी. मुलाच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा लावतात आणि स्वतःचं प्रोफाइल मोकळं सोडतात, पोरगं तिथून बघतं. पिन आपल्या प्रोफाइललाही लावा आणि ती जन्मतारीख ठेवू नका. खूण चुकीची वाटली तर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्यांना १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. नाही दिला तर वरच्या स्वयंनियमन संस्थेकडे जाता येतं. भागाचा क्रमांक आणि मिनिट लिहिलं नसेल तर त्या तक्रारीचं काही होत नाही.

शाळेच्या कपाटातून पुस्तक काढलं की मूल ते चोरट्या संकेतस्थळावर वाचतं. तिथे वयाची खूण नसते आणि पानाच्या कडेला ज्या जाहिराती नाचतात त्या आम्ही या पत्रात वर्णन करू शकत नाही. मुलींची बालिश शरीरं कामुक करून दाखवणारा मालही तिथेच एका क्लिकवर असतो. तशा मालाची बाजू आम्ही घेत नाही, कधी घेणार नाही. त्याची नावंही बहुतेक वेळा निरागस असतात.

ग्रंथालयांसाठी वेगळी विनंती. चित्रांचं पुस्तक म्हणून मांगा थेट बालविभागात लावला जातो, निम्मी भांडणं तिथे सुरू होतात. वेगळं कपाट करा, ग्रंथपालांच्या नजरेसमोर. कण्यावर १३ आणि १६चं रंगीत लेबल, तीच नोंद दाखल नोंदवहीत. अठरापुढचे खंड मोठ्यांच्या विभागात, सभासदाच्या स्वतःच्या कार्डावरच. एक खंड साधारण चारशे-पाचशे रुपयांना पडतो, तेव्हा २१ किंवा २३ खंडांचा संच एकदम मागवू नका. तीन घ्या, कोणीतरी वाचा, मग पुढचे.

तक्रार आली तर अर्ज कागदावर घ्या. खंड, पान, तिथे काय आहे, आणि अर्जदाराला काय हवंय: वय वाढवायचं, कपाट बदलायचं की काढून टाकायचं. पान क्रमांक नसलेला अर्ज परत द्या. निर्णयाला एक शिक्षक, एक पालक, ग्रंथपाल आणि ती मालिका खरोखर वाचलेलं एक माणूस बसवा. चौथं माणूस मिळत नसेल तर आम्ही येतो, मानधन नको. निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटात राहू द्या आणि निकाल कारणांसह सूचनाफलकावर लावा. आणि दप्तरावर ‘नारुतो’ या मालिकेचा बिल्ला किंवा अंगात तिच्यातल्या लाल ढगांचा टी-शर्ट दिसला म्हणून मुलाला उभं करू नका. ते नवी पेठेत कुणालाही मिळतात.

गटांच्या ॲडमिनना एवढंच: यादी परत आली तर पाठवणाऱ्याला विचारा, यातलं कोणतं पान तुम्ही पाहिलंत? उत्तर येईपर्यंत ती पुढे जाऊ देऊ नका. पुढच्या पालक सभेत अर्धा तास दिलात तर यादीतल्या प्रत्येक मालिकेचे जे खंड मिळतील ते घेऊन, कागदाच्या खुणा घालून येऊ. न पटलेली पानंही आम्हीच दाखवू.

आपले,
सोलापुरातील काही मांगा-वाचक आणि ॲनिमे-प्रेक्षक

ता.क. यादीत ‘अटॅक ऑन टायटन’ आणि ‘शिंगेकी नो क्योजिन’ अशी दोन नावं वेगवेगळ्या क्रमांकांवर आहेत. पहिल्यापुढे ‘अतिहिंसक’, दुसऱ्यापुढे ‘अश्लील’ असा शेरा आहे. ही दोन्ही नावं हाजिमे इसायामा यांच्या एकाच ३४ खंडांच्या मालिकेची आहेत. पहिला शेरा बरोबर आहे.